तेरा पानं

आमच्याकडे पत्ते उन्हाळ्यातच निघायचे. सांगलीच्या घरी दुपारची जेवणं झाली की माजघरात सतरंजी पडायची. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, आणि मोठी भावंडं आलेली असली की रमी. पैशांनी खेळायचं नाही, हा आईचा एकुलता एक नियम. हिशेबाला चिंचोके असायचे. खेळ संपला की जिंकलेले-हरलेले सगळे चिंचोके पुन्हा एकाच बरणीत जायचे. या नियमामागे माझा मामा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चौदा वर्षं जयपूरच्या जवाहर नगरात राहते. एका बाजूला राजा पार्कची गजबज, दुसऱ्या बाजूला गलत्याचे डोंगर. गच्चीवर मोर येतात, माकडंही येतात. शेजारी सिंधी आणि पंजाबी कुटुंबं. मी हिंदीतून मराठीत कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद करते. आणि घरात चार पैसे यावेत म्हणून कंपन्यांची माहितीपत्रकं, औषधांच्या सूचना, विम्याचे अर्जही करते. त्यांचे एका शब्दाला एक रुपया मिळतो. २०२० ते २०२३ या काळात फोनवर रमी खेळून मी साधारण चार लाख तीस हजार रुपये घालवले. म्हणजे चार लाख तीस हजार शब्द. दोन-तीन जाड कादंबऱ्या सहज होतील.

सुरुवात अगदी घरगुती होती. टाळेबंदीतल्या मे महिन्यात भावंडांनी ठरवलं, की यंदा सांगलीला जमता येत नाही तर फोनवर खेळू. नुसत्या गुणांवर, फुकट. आठ-दहा दिवसांत सगळे कंटाळले. मी थांबले नाही. फुकटच्या टेबलावर लोक नीट खेळत नाहीत, कसेही पत्ते टाकतात, याचा मला राग यायचा. पैशांच्या टेबलावर खेळ ‘खरा’ होतो असं वाटलं आणि शंभर रुपये भरले. पहिल्या आठवड्यात त्या शंभराचे सातशे झाले. ते सातशे काढून घेऊन मी मुलीला रंगपेटी मागवली. घरात सगळ्यांना कौतुकानं सांगितलंही. या खेळाबद्दल घरी मी खरं बोललेली ती शेवटची गोष्ट.

रमी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात तेरा पानं. एक ओढायचं, एक टाकायचं. किमान एक अस्सल, म्हणजे जोकर न घेता केलेली, ओळ लागतेच. ती नसेल तर बाकी कितीही जुळलेलं असो, सगळी पानं अंगावर मोजली जातात, जास्तीत जास्त ऐंशी गुण. सुरुवातीलाच पानं वाईट दिसली तर वीस गुण सोसून बाहेर पडता येतं. मध्ये सोडलं तर चाळीस. एका गुणाला पाच रुपये असा दर असेल तर पूर्ण हार चारशे रुपयांची. डाव दोन-तीन मिनिटांत संपतो. माजघरातल्या सतरंजीवर पिसायला, वाटायला, भांडायला जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात इथे पाच डाव होतात.

‘एका पानानं राहिलं’ ही भावना या खेळाच्या मुळाशी आहे. हरताना आपण कधीच सपशेल हरत नाही; चौकटची सत्ती आली असती तर, असं म्हणत हरतो. त्यामुळे हार ही हार वाटत नाही, लांबलेली जीत वाटते. बक्षीस केव्हा येईल हे ठरलेलं नसेल तर प्राणी तीच कळ जास्त चिवटपणे दाबत राहतो, असं बी. एफ. स्किनरनं प्रयोगांतून दाखवलं होतं. मी त्याच्याविषयीच्या एका पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाचा अनुवादही केला आहे. परिभाषा नीट जुळवून, टिपा देऊन. दुपारी ते काम आणि रात्री साडेबारानंतर न्हाणीघराचं दार लावून खेळ.

नवऱ्याला पहिल्यांदा शंका आली तेव्हा मी त्याला कायदा ऐकवला. सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातल्या एका निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आहे. तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे. हे खरंच आहे. पान लक्षात ठेवावं लागतं, समोरचा काय गोळा करतोय ते ताडावं लागतं. ‘‘मी जुगार खेळत नाही, डोकं चालवते,’’ असं मी म्हणाले. पुढे केव्हातरी तो निकाल मुळातून वाचला. क्लबचा मालक त्या खेळातून स्वतः नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, असंही न्यायालयानं त्यातच म्हटलं होतं. तेवढं वाक्य मी कधी वाचलंच नव्हतं. धंद्यानं अनुवादक असलेल्या बाईनं आपल्या सोयीचा अर्धा परिच्छेद उचलावा, यातच सगळं आलं.

आणि मला अडाणी म्हणायचीही सोय नाही. बडोद्याला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना मी ज्या दोन मजकुरांवर निबंध लिहिला होता ते दोन्ही जुगाऱ्यांचे. एक ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं, अक्षसूक्त. बेहड्याच्या फळांचे फासे, सोडून गेलेली बायको, तिरस्कार करणारी सासू. यापुढे खेळणार नाही असा निश्चय, आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्या निश्चयाचं झालेलं पाणी. दुसरी दस्तयेव्हस्कीची ‘जुगारी’. प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत गाठण्यासाठी त्यानं ऑक्टोबर १८६६ मध्ये ती सव्वीस दिवसांत आन्नाला तोंडी सांगून लिहून घेतली. मला त्यात चांगले गुण मिळाले होते.

त्या निबंधात मी एक गोष्ट जाता जाता लिहून सोडून दिली होती. कादंबरी लिहून झाल्यावरही दस्तयेव्हस्की पाच वर्षं खेळतच राहिला. लग्नानंतर बाडेनला त्यानं आन्नाची कर्णफुलं आणि ब्रोच गहाण टाकला. १८७१ साली वीसबाडेनला तो शेवटचं हरला आणि मग थांबला. म्हणजे जुगारावरची जगातली एक उत्तम कादंबरी स्वतः लिहूनही माणूस सुटत नाही. ती वाचून, तिच्यावर निबंध लिहून मी सुटेन असं मला का वाटावं? तरी वाटत होतं. आपल्याला शब्द ठाऊक आहे म्हणजे ती गोष्ट आपल्याला होणार नाही, असा काहीतरी माझा समज होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. चार तोळ्यांच्या, जुन्या घडणीच्या. वडील गेल्यावर आईनं त्या हातातून काढल्या आणि मला दिल्या होत्या. सोनेतारणावर एक लाख पस्तीस हजार मिळाले. त्यांतून आधीची उसनवारी फेडायची, उरलेल्यांतून ‘एकदाच’ खेळून पाटल्या सोडवायच्या, असा हिशेब होता. उसनवारी फेडली नाही. अठरा दिवसांत पैसे संपले. त्याच दिवसांत एका कादंबरीच्या अनुवादाची मुदत टळली. प्रकाशकांना मी कळवलं की सासूबाईंना बरं नाही. सासूबाई पुण्यात ठणठणीत होत्या. रोज सकाळी फिरायला जात होत्या.

खोटं बोलण्यातलं माझं कौशल्य मात्र कुठल्याही न्यायालयात मान्य झालं असतं. कुणाला काय सांगितलं ते मी वहीत टिपून ठेवायचे. त्याच वहीत एका बाजूला अनुवादाची शब्दसूची होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ या सरकारी मदतसेवेची बातमी वाचली होती; १४४१६ हा क्रमांक लक्षात राहिला, कारण तेव्हा मला आकडे फार लक्षात राहायचे. नोव्हेंबरच्या एका रात्री, साडेनऊ हजार हरल्यावर, मी गच्चीवर जाऊन तो फिरवला. थंडी पडायला लागली होती. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘कब से खेल रही हैं आप?’’ मी तारखेसकट सांगितलं. मग माझ्याच तोंडून आलं, ‘‘मुझे लत लग गई है.’’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होते. हे वाक्य मी मराठीत कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. मराठीत आपण ‘नाद लागला’ म्हणतो. नाद गाण्याचाही लागतो. त्यात थोडा रंगेलपणा आहे, लाडही आहे. ‘व्यसन’ म्हटलं की डोळ्यांसमोर दारू येते, गडकऱ्यांचा सुधाकर येतो. आणि ‘जुगार’ म्हटलं की गल्लीच्या तोंडाशी चिठ्ठ्या घेणारा माणूस. यांतल्या कुठल्याच शब्दात चष्मा लावलेली, तौलनिक साहित्य शिकलेली, संकष्टी करणारी बाई बसत नव्हती. परक्या भाषेत बसली. कबुली द्यायला दुसरी भाषा सोपी जाते, कारण तिच्यात आपली आई नसते.

तरीही पुढचे दोन महिने घरात काही सांगितलं नाही. खेळही थांबला नाही.

२०२३ च्या संक्रांतीला आई जयपूरला आली. इथे चौदा जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं; सकाळपासून भोंगे, पतंग, ‘वो काटा’च्या आरोळ्या. मी पुढच्या आठवड्यात इथल्या पंधरा-वीस मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात आई तिळगूळ वळत होती. म्हणाली, ‘‘त्या दिवशी पाटल्या घाल हो. मी घालत नाही, तर निदान तुझ्या हातात तरी दिसू देत.’’

मी म्हटलं, लॉकरमध्ये आहेत. ती म्हणाली, मग काढून आण, अजून आठवडा आहे. मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. आईनं हातातला लाडू ताटलीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘पावती कुठंय?’’ ती म्हणाली.

‘‘कसली?’’

‘‘गहाणाची. माझ्या भावाचं बारा वर्षं बघितलंय मी. किल्ली त्यालाही सापडायची नाही.’’

त्या दुपारी, वरून आरोळ्या ऐकू येत असताना, आईनं मला मामाची गोष्ट सांगितली. मामा मिरजेत आकडा लावायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत सट्टा लागायचा. ते बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी साठच्या दशकात आकडे काढण्याचा मटका सुरू केला, आणि ओपन-क्लोजचे आकडे गावोगाव पोचले. मामाला स्वप्नात दिसलेल्या प्रत्येक वस्तूचा आकडा असायचा. आधी सायकल गेली, मग रेडिओ, मग आजीची बोरमाळ. दर वेळी आजीनं कुठून तरी पैसे आणून वस्तू सोडवली. ‘‘सोडवली की तो पुन्हा लावायचा,’’ आई म्हणाली. ‘‘आम्ही त्याला कधी विचारलंच नाही काही. नुसतं झाकत राहिलो. लोकांना सांगायचो, धंद्यात खोट आली.’’

मी विचारलं, ‘‘मग आता?’’ मनात होतं की आई म्हणेल, असू दे, मी देते पैसे. तिच्याकडे ठेव होती हे मला ठाऊक होतं, आणि मी आतल्या आत तिचा हिशेबही केला होता. हे लिहायला लाज वाटते, पण तो केला होता.

‘‘मी सोडवणार नाही,’’ आई म्हणाली. ‘‘तू सोडव. लिलावात गेल्या तर गेल्या. पण जावईबापूंना आज सांगायचं. माझ्यासमोर.’’

संध्याकाळी सांगितलं. मराठीत. हिंदीतलं ते वाक्य पुढ्यात घेऊन त्याचा अनुवाद करावा तसं. ‘‘मला जुगाराचं व्यसन लागलंय.’’ नवरा आधी काही बोललाच नाही. मग त्यानं विचारलं, ‘‘किती?’’ मी अडीच लाख सांगितले. आई म्हणाली, ‘‘खरा आकडा सांग.’’ तेव्हा खरा सांगितला. तो उठून गच्चीवर गेला. अंधार पडल्यावर लोक पतंगाच्या दोरीला कंदील बांधून सोडतात. ते बघत तो तासभर उभा होता. पुढचे कित्येक आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते त्याच्या परीनं बरोबर होतं.

सेठी कॉलनीतलं सरकारी मनोचिकित्सा केंद्र आमच्या घरापासून फार लांब नाही. इतकी वर्षं रिक्षातून त्याच्या दारावरून जाताना मी नजर दुसरीकडे वळवत असे. आता तिथे केसपेपर काढून रांगेत बसले. डॉक्टरांनी एकेक लक्षण विचारलं. एकूण नऊ असतात: रक्कम वाढवत नेणं, थांबवायला गेलं की चिडचिड, थांबवण्याचे फसलेले प्रयत्न, सतत तोच विचार, मन खिन्न असलं की खेळणं, गेलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं, खोटं बोलणं, नाती किंवा काम धोक्यात घालणं, पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणं. वर्षभरात चार आढळली तरी निदान होतं. माझी नऊच्या नऊ होती. तेरा पानं लागल्यासारखी, असं क्षणभर मनात आलं आणि त्या मनाचीच मला भीती वाटली.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी कामाला आल्या. एक, १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हा आजार पहिल्यांदा आला तेव्हा तो आवेगाच्या विकारांत होता. २०१३ मध्ये तो दारू आणि अफूच्या शेजारी नेऊन ठेवला गेला. म्हणजे ‘जुगार आणि दारू सारखीच’ हे आईचं म्हणणं शास्त्रानं फार उशिरा मान्य केलं. दुसरी गोष्ट, मनाच्या निश्चयावर विसंबू नका; वाट बंद करा. हे तर अक्षसूक्तातच होतं.

मग वाटा बंद केल्या. माझ्या अनुवादाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जाऊ लागले. माझ्या फोनवरून यूपीआय काढून टाकलं, भाजीला रोख. रात्री दहानंतर फोन मुलीच्या खोलीत. तिला तेव्हा तेरावं वर्ष होतं. कारण विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘‘रंगपेटी त्यातलीच का?’’ हो म्हणावं लागलं. तिनं ती पेटी टाकून दिली नाही, पण पुन्हा वापरलीही नाही. ज्यांच्याकडून पैसे घेतले होते त्यांची यादी केली, सात नावं, आणि प्रत्येकाला फोन करून कारण सांगितलं. प्रकाशकांनाही कळवलं की सासूबाई बऱ्या होत्या, आजारी मी होते. त्यांनी मुदत वाढवून दिली. पुढचं काम मात्र दिलं नाही.

पहिले सहा आठवडे झोप नव्हती. डोळे मिटले की पानं लागायची. अनुवाद करताना वाक्यातले शब्दसुद्धा ओळीनं लावले जायचे: सत्ती, अठ्ठी, नव्वी. हळूहळू ते गेलं. पूर्ण गेलं असं मी म्हणत नाही.

आणि घसरलेही. नोव्हेंबर २०२३, दिवाळीचे दिवस. इकडे दिवाळीला पत्ते खेळणं शुभ मानतात. आपल्याकडेही पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतातच. त्यातून विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रोज फलोदीच्या सट्टाबाजाराचा भाव चर्चेत होता. कोण किती जागा जिंकणार, कशाला काय दर. फलोदीत पावसावरही सट्टा लागतो, हे तो दुकानदार कौतुकानं सांगायचा. मी ऐकत उभी राहायचे; दूध घेऊन झाल्यावरही. पाडव्याच्या रात्री शेजाऱ्यांकडे तीन पत्तीला बसले आणि अकराशे रुपये हरले. घरखर्चातले. उठून घरी आले आणि त्याच रात्री सांगितलं. तेव्हा नवरा रागावला नाही. ‘‘या वेळी खरा आकडा पहिल्यांदाच सांगितलास,’’ एवढंच म्हणाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. बावीस तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच त्या कायद्यानं बाजूला ठेवला. दिवसभर मैत्रिणींचे निरोप येत होते, ‘सुटलीस बाई’ म्हणून. मला बरं वाटलं. रात्री एकटी असताना लक्षात आलं की बरं वाटण्यात एक हुरहुरही आहे, कुणी दूरचं गेल्यासारखी. पुढच्याच आठवड्यात एका अनोळखी क्रमांकावरून परदेशी खेळाचा दुवा आला. मी तो नवऱ्याला दाखवला आणि पुसून टाकला. मटक्यावरही बंदीच होती. मामाला तिचा काही उपयोग झाला नव्हता.

पाटल्या लिलावात गेल्या नाहीत. दर महिन्याला व्याज आणि मुद्दलाचा तुकडा भरत, एकदा कर्ज नव्यानं करून, डिसेंबर २०२४ मध्ये सोडवल्या. औषधांच्या सूचना, विम्याचे अर्ज, एका शब्दाला एक रुपया. त्या काउंटरवरच्या मुलीनं वजन करून समोर ठेवल्या तेव्हा मी आईला फोन लावला. म्हटलं, सुटल्या. ती म्हणाली, ‘‘लॉकरची किल्ली जावईबापूंकडे दे.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि येताना हातात घालून ये.’’

मागच्या मेमध्ये सांगलीला गेले होते. दुपारी माजघरात सतरंजी पडली. भाचरं मोठी झाली आहेत, माझी मुलगीही. रमी वाटली गेली. तेरा-तेरा पानं. भाचा म्हणाला, ‘‘आत्या, ये ना, एक पान कमी पडतंय खेळायला.’’ मुलगी माझ्याकडे न बघता पत्ते लावत होती, पण तिचा हात थांबलेला मला दिसला. मी म्हटलं, ‘‘मी नाही खेळत रे. मला सोसत नाही ते.’’ त्यानं पुढे विचारलं नाही. पन्हं हवं, एवढंच म्हणाला. आई कोपऱ्यात बरणी घेऊन बसली होती, चिंचोके मोजून देत होती. मी उठले आणि कैऱ्या उकडायला ठेवल्या.